सहा ठिगळांची ट्यूब

पंक्चर घेऊन येणारा माणूस पहिलंच वाक्य खोटं बोलतो. "आत्ताच हवा गेली," म्हणतो. टायर पाहिलं की मला कळतं, गडी दोन कोस तसाच बसून आलाय. रिमनं ट्यूब चावून ठेवलेली असते. मी ते तोंडावर सांगायचो. त्यानं काही गिऱ्हाइकं तुटली, पण मला कधी वाईट वाटलं न्हाई.

आमच्या गावच्या शाळेतले मास्तर दिवाळीचा अंक काढून राहिले. म्हणले, चाळीस वर्षं फाट्यावर बसलात, चार पानं लिहा. मी म्हणलं, माझी शाळा चौथीपर्यंत. तर म्हणले, शुद्धलेखन मी पाहतो, तुमी फक्त खोटं लिहू नका. त्या अटीनं मला अडकवलं. कारण धंद्यात मी एकदाच मोठं खोटं बोललो, तेही म्हातारपणी, आणि खरं लिहायचं तर तेच लिहावं लागतं.

दुकान जवळा बाजारच्या अलीकडं, फाट्यावर. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लोखंडी पेटी, पंप आणि पाण्याचं घमेलं. घर त्याच्याच मागं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी येडी बाभळ. लोक म्हणायचे बाभळी तूच लावल्या असशील. लावल्या न्हाईत, पण तोडल्याही न्हाईत.

ज्यांना ठावं न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. पंक्चर काढायचं म्हणजे टायर एका अंगानं रिमच्या बाहेर घ्यायचं, आतली ट्यूब ओढायची, तिच्यात हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची. बुडबुडे उठले तिथं छेद. ट्यूब कोरडी करायची, कानशीनं घासायची, वरून चिकटवायचं सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत न्हाई. ओल्या सोल्युशनवर ठिगळ बसवलं की ते लोण्यावरच्या माशीसारखं घसरतं. बोट टेकवून पाहायचं. बोट चिकटलं पायजे, पण बोटाला काही लागलं न्हाई पायजे. मंग ठिगळ, मंग दाब.

मधल्या काळात सायकली गेल्या, आता परत दिसून राहिल्या. पण ह्या वेगळ्या. रविवारी सकाळी हिंगोलीहून औंढ्यावरून साहेब लोक येतात. डोक्यावर टोपडं, अंगाला चिकटलेले कपडे, सायकल एका बोटानं उचलावी अशी. मागं एकदा त्यातला एक नवखा माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर लिंबाखाली बसून पंक्चर काढत होता. सामान सगळं भारी. पण त्यानं ठिगळ लावावं, हवा भरावी, चाक बसवावं, पन्नास पावलं जावं आणि परत उतरावं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सायकल हाती धरून माझ्याकडं आला. ठिगळं तिन्ही झकास बसलेली. मी म्हणलं, टायरच्या आतून बोट फिरवा. फिरवलं आणि हात झटकला. काटा आतच होता.

म्हणलं, साहेब, तुमी जखमेला पट्टी बांधली, काटा तसाच ठेवला.

"हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं हो काका."

"व्हिडिओवाल्याच्या गावाला बाभळ नसंल," मी म्हणलं.

नव्या सायकलवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. ट्यूब हातात घेण्याआधी टायर आतून चाचपा. छेद ट्यूबला दिसतो, पण कारण टायरात असतं.

हा धंदा मी वसमतला एका उस्तादाकडं शिकलो. शिव्या देऊन शिकवायचा. दोन कायदे त्यानं घालून दिले. एक, चांगल्या ट्यूबीला कधी वाईट म्हणायचं न्हाई. दोन, जुनी ट्यूब काढली तर ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, आपल्याकडं ठेवायची न्हाई. खेड्यात जुनी ट्यूब म्हणजे दोरीची थोरली बहीण. मोटारीच्या पाइपाची गळती बांधायला, कुऱ्हाडीचा दांडा आवळायला, फटफटीवर कडब्याची पेंढी बांधायला, सगळ्याला तीच. उस्ताद म्हणायचा, गाहक को अंदर का नहीं दिखता, तेरे को दिखता, बस वही इमान है. चाळीस वर्षं दोन्ही कायदे पाळले. म्हणून तर मोडल्याचं सांगायला जड जातं.

आता घरच्या माणसाचं सांगतो. तिचं नाव कौसा. जिती होती तवर मी तिला नावानं हाक मारली न्हाई, 'ऐकलं का' म्हणायचो. आता कागदावर पहिल्यांदा नाव लिहून राहिलो.

बाजाराच्या दिवशी मी पेटीतलं निम्मं सामान घेऊन जवळा बाजारला बसायचो. फाट्यावर आलेलं गिऱ्हाईक परत जायचं. एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर हिनं दोन पंक्चर काढून ठेवलेली. मी शिकवलं न्हवतं. पाहून पाहून शिकली. तिच्याकडं आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गावातले एक म्हातारे पाटील. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि मी येईस्तोवर बसतो म्हणले. बाईच्या हातची हवा माझ्या टायरात नको.

ही म्हणाली, "मंग तोंडानं फुका, आबा."

पाटील दुपारपर्यंत बसले. मंग दुसरीकडंच पाहत म्हणले, तुझी भांडी झाली असतील तर बघ जरा. त्या दिवसापासून पाटील बाजाराच्या दिवशीच पंक्चर घेऊन यायचे. मी असलो तर म्हणायचे, न्हाई, पुढच्या बाजारी येतो.

आमच्या दोघांचं भांडण एकच, पण जन्मभर पुरलं. ठिगळ मी चौकोनी कापायचो. कात्री चार वेळा चालवली की झालं. ती गोल कापायची. हळूहळू, कडा तासून, भाकरीची कड थापल्यासारखी. मी म्हणायचो, रबर वाया जातं. ती म्हणायची, कोपरा असला की तिथूनच सुटतं. गिऱ्हाईक उभं, उन्हं डोक्यावर आणि ही गोल कापत बसलेली. मी लई बोलायचो तिला. तिची ठिगळं माझ्यापेक्षा टिकतात हे मला ठावं होतं, पण बराबर हाय असं मी तिला एकदाही म्हणलो न्हाई.

ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. सकाळी छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत संपलं. लुगडी पोरीनं आणि भावजयींनी नेली, तशी रीतच हाय. गोधडी पोरीनं मागितली, न्हाई म्हणता आलं न्हाई. तिनं घातलेलं लोणचं मी पुरवून पुरवून खाल्लं, तेही संपलं. फोटो आधार कार्डावरचा, मोठा करून लावलाय. त्यात ती माझ्याकडं पाहत न्हाई, मशीनकडं पाहते.

मंग एक दिवस माझ्या ध्यानात आलं, तिच्या हातचं घरात काही न्हाई, पण लोकांच्या चाकात असंल.

तवापासून कोणतीही जुनी सायकल आली की टायर काढताना माझा हात थांबायचा. ट्यूब बाहेर आली की आधी ठिगळं पाहायचो. चौकोनी असलं तर माझं, बाजारातलं तयार असलं तर कुणाचंही. दीड वर्षात गोल ठिगळ दोनदा दिसलं. दोन्ही वेळा परत चाकात घालून दिलं, गिऱ्हाइकाची वस्तू. एकदा एका शेतावर मोटारीच्या पाइपाला ट्यूबची पट्टी बांधलेली, तिच्यावर अर्धं गोल ठिगळ. पाणी पिण्याच्या निमित्तानं मी तिथं लई वेळ उभा राहिलो. शेतमालक म्हणला, काय पाहून राहिलात मामा, मोटार चोरीची न्हाई माझी.

अशात संगीता आली. संगीता म्हणजे आमच्या पलीकडच्या गावची आशाताई. बाळंतिणीकडं जायचं, तान्ह्या लेकरांची वजनं करायची, गरज पडली तर दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. वस्त्या आडरानात, ऑटो जात न्हाई. घरची फटफटी नवऱ्याच्या बुडाखालून निघत न्हाई. म्हणून अडतिसाव्या वर्षी तिनं सासऱ्याची दांडीची सायकल बाहेर काढली आणि शाळेच्या मैदानावर शिकली. गुडघे फोडून घेतले. सासू आठ दिवस बोलली न्हाई. संगीता म्हणते, तेवढे आठ दिवस घरात बरे गेले.

ती आली ती सायकल ढकलत. पुढच्या चाकात काटा. म्हणाली, "मामा, मला काढायला शिकवा. रानात कुणाला हाका मारू?"

शिकवतो म्हणलं. टायर काढलं, ट्यूब ओढली. एकामागं एक सहा ठिगळं आणि सहाही गोल. तिचा सासरा बाजाराच्या दिवशी येत असंल, मला कधी कळलंच न्हाई. एका ट्यूबीवर सहा म्हणजे सहा वेळा कौसा माझ्या माघारी ह्याच जागेवर बसली, कात्री फिरवली, थांबली, दाबलं.

संगीता शेजारी बसली होती. मी म्हणलं, "ही ट्यूब गेली. कुजली. नवी घालावी लागंल."

ती नवी शिकणारी, तिला काय कळणार. मान हलवली. छेद काट्याचा एकच होता, एका ठिगळाचं काम. माझ्याकडं पेटीत त्या मापाची एकच नवी ट्यूब होती, लई वर्षांची पडलेली. नवी ट्यूब घडी घालून राहिली की घडीवर चिरते. म्हणून ती आधी फुगवून पाण्यात पाहायची. मी पाहिली न्हाई. पाहायला वेळ गेला असता आणि तेवढ्यात तिनं जुनी मागितली असती, ह्याच घाईत होतो. तरी जाताना तिनं मागितलीच. सासऱ्याला बांधायला लागते म्हणाली. मी म्हणलं भंगारात गेली. नव्या ट्यूबीचे पैसे घेतले न्हाईत, म्हणलं माझ्याकडून. फुकट दिल्यानं पाप हलकं होतं असं वाटलं असंल. शिकवायचंही राहून गेलं.

ती गेल्यावर मी ट्यूब धुतली. काट्याचा छेद होता तिथं ठिगळ लावलं, चौकोनी, माझं. घरात खुंटीला टांगली. आठ दिवस मी जेवताना तिच्याकडं पाहून जेवलो. काय सांगावं, बरं वाटलं. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो.

नवव्या दिवशी दुपारी संगीता परत आली, सायकल हातात धरून. तोंड उन्हानं काळंठिक्कर पडलेलं. गळ्यात झोळीचा काटा, तान्ह्या लेकराला झोळीत घालून वजन करतात तो. पाणी दिलं. पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं.

आडरानातल्या एका शेतात मेंढरं बसवायला एक धनगराचं घर आलं होतं. मेंढरं शेतात बसली की खत होतं, शेतकरी त्यांना धान्य देतो, मंग वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, पुढच्या शेतावर हलतो. त्या वाड्यावर एक बाई बाळंत झाली, दिवसांच्या आधी. लेकरू चिमणीएवढं. संगीतानं दोनदा वजन केलं, दुसऱ्यांदा वजन उतरलं होतं. आज परत उतरलेलं निघालं तर लेकराला हिंगोलीला दवाखान्यात न्यायचं, असं तिनं त्या बाईकडून कबूल करून घेतलं होतं. पण वाडा आज दुपारच्या आत हलणार होता. ही म्हणाली होती, मी येईस्तोवर हलू नका. आणि निम्म्या वाटेत ट्यूब फाटली. तिथून ती सायकल ढकलत गेली. पोचली तर शेतात लेंड्या आणि चुलीचे तीन दगड. दगड अजून कोमट होते म्हणाली. मेंढक्याचा फोन बंद. शेजारच्या शेतातल्या गड्यानं सांगितलं, वाडा शिरड शहापूरच्या अंगाला गेला.

"माझं नशीब फुटकं, मामा. पण अजून दिवस हाय. पटकन काय ते करा, मी जाते."

मी टायर उघडलं. ट्यूब घडीवर वीतभर चिरलेली, ठिगळाच्या कामापलीकडं गेलेली. तिच्या नशिबाचा काही संबंध न्हवता. मी म्हणलं, एखादी फटफटी थांबवतो. ती म्हणाली, फटफटी रस्त्यानं जाणार आणि वाडा नाल्याच्या कडंनं जातो. माझ्यासंगं रानात कोण हिंडणार? सायकल निदान बांधावरून उचलता येते.

बराबर होतं. त्या मापाची दुसरी ट्यूब पेटीत न्हवती. जवळा बाजारला जाऊन आणायची तर दीड तास गेला असता. मी घरात गेलो, खुंटीची ट्यूब काढली आणि तिच्यासमोर आणली.

ती म्हणाली, "ही कुठली?"

"तुझीच."

"कुजली म्हणला होता ना तुमी."

"खोटं बोललो."

"काहून?"

मी तिला ठिगळं दाखवली. कुणाच्या हातची ते सांगितलं. मला वाटलं ही शिव्या देईल, न्हाई तर रडंल. तिनं दोन्ही केलं न्हाई. काटा गळ्यातून काढून हातात घेतला आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुमचं माणूस गेलं, मला ठावं हाय. पण ते लेकरू अजून गेलं न्हाई, मामा. घाला ट्यूब."

पुढचं आधीच सांगून टाकतो, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. दिवस मावळायच्या आत तिला वाडा सापडला. लेकराचं वजन उतरलेलंच होतं. एका टेम्पोत घालून संगीता लेकराला आणि त्याच्या मायेला हिंगोलीला घेऊन गेली. लई दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ते लेकरू मेंढरावर खेकसतं म्हणे. संगीता दर आठवड्याला हवा भरायला येते. पंक्चर काढायला मी तिला शिकवलं, ठिगळ कसं कापायचं तेही. टायर आतून चाचपायला ती माझ्यापेक्षा पक्की झाली. झाल्या गोष्टीवर ती एक शब्द बोलत न्हाई. मामा मात्र म्हणते. ते मला जास्त लागतं. ट्यूब त्याच चाकात हाय. हवा भरताना मी टायर अंगठ्यानं दाबून पाहतो, गरजेपेक्षा एकदा जास्त.

उस्ताद असता तर त्यानं मला दुकानातून हाकललं असतं. चाळीस वर्षांत कितीजणांना मी तोंडावर खोटारडं म्हणलं, आणि माझ्यापायी एक बाई उन्हात सायकल ढकलत रिकाम्या शेतावर गेली. कौसाला हे कळलं असतं तर ती काय म्हणली असती, ते मला शब्दन् शब्द ठावं हाय, पण ते अंकात छापता यायचं न्हाई.

तर त्या दुपारी मी ट्यूब फुगवली. ह्या वेळी घाई केली न्हाई, संगीता उभी असली तरी. घमेल्यात पाणी ओतलं आणि ट्यूब फिरवू लागलो. पहिलं ठिगळ पाण्याखाली दाबलं, काही न्हाई. दुसरं, काही न्हाई. खरं सांगतो, मनात एकच होतं. एक बुडबुडा यावा. एवढासा. एक जरी आला असता तरी 'ही चालायची न्हाई, रानात दगा देईल' असं म्हणायला मला तोंड होतं, आणि ह्या वेळी ते खोटंही नसतं. ट्यूब माझ्याकडं राहिली असती. तिसरं पाहिलं, चौथं पाहिलं, पाचवं पाहिलं. माझं चौकोनी पाहिलं. कौसाचं सहावं मी लई वेळ पाण्याखाली धरून ठेवलं. पाणी इतकं गप्प होतं की त्यात पत्र्याची कड दिसत होती.

"झालं का, मामा?" संगीता म्हणाली.

झालं, म्हणलं. ट्यूब धोतराला पुसली आणि टायरात घातली.